मोतीची तक्रार

मुलांनो, आपले डोके दुखले, तर आपण आईला सांगतो. ताप आला, तर तिचा हात कपाळावर ठेवून घेतो. पण मुक्या प्राण्याला काही दुखले-खुपले, तर तो कसे सांगणार? माझ्या मोतीने ते सांगितले होते. मलाच ते कळले नाही.

आमचे घर पेणला. मोती आमच्या अंगणाचा राखणदार. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे डोके मिळाले, की स्वारी खूश! माझा थोरला भाऊ त्याला रोज भोगावती नदीपर्यंत फिरवून आणी. एका पावसाळ्यात दादाला रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तो तिकडेच राहू लागला.

पंधरा दिवसांनी मोतीने भाकरी सोडली. तो ती नुसती हुंगे आणि तोंड फिरवी. दिवसभर ओट्याखाली पडून राही. कोंबड्या अगदी जवळ आल्या, तरी मान उचलत नसे. आई म्हणाली, "त्याला दादाची आठवण येते." आम्हां सर्वांना ते पटले. खरे सांगू? मला त्याचे कौतुकच वाटले. मी शेजारी अभिमानाने सांगत सुटलो, "दादासाठी आमच्या मोतीने अन्न सोडले!"

पाचव्या दिवशी दादा सुट्टी घेऊन रोह्याहून आगगाडीने आला. मोतीने शेपूट हलवली. पण तो उठला नाही. दादाने भाकरीचा तुकडा पुढे धरला. मोतीने तो चाटलासुद्धा नाही. माझ्या छातीत धस्स झाले. दादाने त्याच्या कानामागे बोटे फिरवली. तेथे एरंडाच्या बियांसारख्या टम्म फुगलेल्या गोचिडी होत्या.

आम्ही त्याला रिक्षाने गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मोतीचा ओठ वर केला. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढुरक्या झाल्या होत्या. रक्त तपासून ते म्हणाले, "हा गोचिडीचा ताप. गोचीड रक्त पिते आणि रोगाचे जंतू अंगात सोडते. किती दिवस जेवला नाही?"

"पाच दिवस."

"म्हणजे पाच दिवस तो तक्रार करतो आहे," ते शांतपणे म्हणाले. मी मान खाली घातली.

त्या जंतूचे नाव एर्लिकिया. शास्त्रज्ञांना तो १९३५ साली अल्जीरिया देशातील कुत्र्यांत प्रथम आढळला. आज त्यावर औषध आहे. मोतीला २८ दिवस गोळ्या दिल्या. गोचिडी चिमट्याने काढल्या. त्या भिंतीच्या भेगांत अंडी घालतात, म्हणून तेथेही औषध फवारले. एका सकाळी मोतीने बोंबलाचे डोके कुरतडले, तेव्हा आईने पदराने डोळे पुसले.

मुलांनो, कुत्रा असो, बकरी असो की मांजर. त्याने अन्न सोडले आणि अंग टाकले, तर माझ्यासारखी गोष्ट रचत बसू नका. कानामागे पाहा, हिरड्या पाहा आणि त्याला लगेच डॉक्टरांकडे न्या. माणसांची तापाची गोळी मात्र देऊ नका; ती त्याला विषासारखी बाधू शकते.

मोतीला दादाची आठवण येतही असेल. पण भुकेल्या पोटी पडलेला जीव आधी आजारी असतो, हे मी त्याच्याकडून शिकलो.