पुलावरची रेघ

मध्यरात्री ओरसुंड पुलावरचे दिवे जातात. परत येतात तेव्हा रस्त्याच्या मधोमध एक बाई पडलेली असते, डेन्मार्क आणि स्वीडनची हद्द बरोबर कमरेवरून जावी अशी. उचलू गेल्यावर देहाचे दोन भाग होतात आणि कळतं, ही एक बाई नव्हेच. वरचा भाग स्वीडनमधल्या माल्मोच्या एका राजकारणी बाईचा. खालचा कोपनहेगनमध्ये वेश्याव्यवसाय करणाऱ्या, कधीच्या बेपत्ता झालेल्या एका तरुणीचा.

२०११ सालची ‘द ब्रिज’ अशी सुरू होते. मी ती ऐन पावसाळ्यात पाहिली. खिडकीतलं आभाळ आणि पडद्यावरचं आभाळ एकाच राखी रंगाचं, त्यामुळे मालिका संपली तरी माल्मो घरातून जायला तयार नसे.

दोन देशांचे पोलीस म्हटल्यावर मला खडाजंगी अपेक्षित होती. इथे भांडण आहे ते भाऊबंदकीतलं. माल्मोचा सगळा मुलूख १६५८ पर्यंत डेन्मार्कचाच होता. दोन्हीकडची माणसं आपापल्या भाषेत बोलतात, समोरच्याला बहुतेक कळतं, आणि जे कळत नाही त्यावर कपाळाला आठी पडते. स्वीडिश म्हणजे नियमाला चिकटलेले, डॅनिश म्हणजे ऐसपैस, हे दोघांनी एकमेकांना कधीच वाटून दिलेलं आहे.

मालिका ही वाटणी उचलते आणि पहिल्याच रात्री पुलावर मांडते. रुग्णाला घेऊन निघालेली रुग्णवाहिका पुढे जाऊ द्या म्हणून एक बाई विनवते. स्वीडनची सागा नोरेन नाही म्हणते, पुरावे बिघडतील. डेन्मार्कचा मार्टिन रोडे गाडी सोडतो. सागा त्याची रीतसर तक्रार करते, तीही मनात काडीचा राग नसताना! सागा झालेल्या सोफिया हेलिनचा चेहरा तिथे इतका स्वच्छ कोरा आहे की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. पण गंमत पुढे आहे. सागा कचेरीत सगळ्यांदेखत शर्ट बदलते, तेव्हा तिचे स्वीडिश सहकारीही बावरतात. म्हणजे ही बाई स्वीडनची प्रतिनिधी नाही. ती फक्त सागा आहे. तिच्या वेगळेपणाला मालिका कुठलंही वैद्यकीय नाव देत नाही, हे मला फार आवडलं.

खरी हद्द मात्र माणसांच्या स्वभावातून जात नाही, कायद्यातून जाते. १९९९ पासून स्वीडनमध्ये शरीरसुख विकत घेणं गुन्हा आहे; पुलापलीकडे नाही. पुलावरच्या त्या दुसऱ्या बाईचा विचार करताना हे आठवत राहतं. २००२ साली डेन्मार्कने नियम केला की परदेशी जोडीदार आणायचा तर दोघांनीही चोविशी गाठलेली हवी. मग कित्येक डॅनिश जोडप्यांनी माल्मोत बिऱ्हाड थाटलं; नोकरी कोपनहेगनला, संसार स्वीडनमध्ये. २००० साली खुल्या झालेल्या त्या पुलाने असे किती संसार रोज इकडून तिकडे वाहिले असतील! आणि २०१६ च्या जानेवारीत, निर्वासितांच्या लोंढ्यानंतर, स्वीडनकडे येणाऱ्या गाड्यांसाठी ओळखपत्रं तपासायला सुरुवात झाली.

हेच कथानक पुढे बऱ्याच सीमांवर गेलं. इंग्लंड-फ्रान्समधल्या बोगद्यात गेलं, तिथे ते फार न बदलता रुळलं. पण २०१३ च्या अमेरिकी आवृत्तीत पूल एल पासो आणि मेक्सिकोतल्या ह्वारेसमधला झाला, आणि त्याची दोन टोकं एका उंचीची राहिली नाहीत. ह्वारेसमध्ये १९९३ पासून शेकडो बायका मारल्या गेल्या. मालिकेत पुलावरच्या देहाचा एक भाग अमेरिकी न्यायाधीश बाईचा, दुसरा एका मेक्सिकन मुलीचा. कुठल्या भागासाठी जास्त धावपळ होते, हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. ती मालिका हा प्रश्न स्वतःच विचारते, हा तिचा प्रामाणिकपणा. तरीही डेमियान बिचिरचा मेक्सिकन पोलीस दर प्रसंगात आधी आपण लाचखाऊ नाही हे दाखवतो आणि मग तपासाला लागतो.

मार्टिनवर ही पाळी येत नाही. तो बायकोशी खोटं बोलतो, नियम वाकवतो, हसून वेळ मारून नेतो, आणि त्याच्याबद्दल वाईट वाटतं ते फक्त त्याच्याबद्दल. डेन्मार्कच्या नावाने कुणी बोटं मोडत नाही.