वारज्यात भरते मालकांची शाळा!

संध्याकाळी साडेसातनंतर वारज्यात एक चक्कर मारा. बायपासवर हिंजवडीहून परतणाऱ्या कंपन्यांच्या बसेस आणि बाइक्सची रांग, एनडीए रोडवर हॉर्नचा कल्लोळ, गणपती माथ्यापाशी ही गर्दी! त्याच वेळी रामनगर, अतुलनगरच्या आतल्या रस्त्यांवर वेगळीच वरात निघालेली असते. पुढे जीभ बाहेर काढून सुसाट सुटलेला लॅब्रॅडॉर, मागे गळ्यातलं आयकार्डही न काढता फरफटत जाणारा त्याचा मालक. कोण कुणाला फिरवतंय, देव जाणे!

पूर्वी कुत्रा म्हणजे बंगल्याच्या फाटकापाशी बांधलेला राखणदार. आता तो टू-बीएचकेत राहतो, सोफ्यावर झोपतो, लिफ्टने ये-जा करतो. घरातले दोघंही नोकरीला, त्यामुळे दिवसातले दहा-अकरा तास एकटा असतो. मग तो भुंकतो, चपला फाडतो, लिफ्टमध्ये भेटलेल्या काकूंच्या अंगावर उड्या मारतो. सोसायटीला कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. पण नियम दाखवून लिफ्ट मिळते, शेजाऱ्यांचा जीव जडत नाही. शेवटी ‘हा ऐकतच नाही’ म्हणत एक दिवस त्याला कुणाला तरी देऊन टाकायची भाषा सुरू होते. खरी बाजी इथे लागलेली असते, आणि ती कुत्र्याची असते.

म्हणूनच एका रविवारी सकाळी मी वारज्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बसले. तीन कुत्रे, सहा माणसं आणि कमरेला खाऊचा बटवा बांधलेली ट्रेनर. हातात काठी नाही, कुत्र्यांच्या गळ्यात चोक चेन नाही. बटव्यात उकडलेल्या चिकनचे आणि पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे. कुत्रा खाली बसला रे बसला, की ‘येस!’ आणि लगेच तुकडा तोंडात. फंडा इतकाच. ज्या वागण्याचा फायदा होतो, ते वागणं पुन्हा घडतं.

गंमत म्हणजे कुत्रे दहा मिनिटांत शिकले. घाम फुटला तो माणसांना! एक जण ‘बस, बस, बस, बस’ असा जप करत होता. त्याला सांगितलं, एकदाच म्हणा आणि थांबा. दुसरीचा तुकडा दोन सेकंद उशिरा पडत होता. तेवढ्यात कुत्रा उठलेला, म्हणजे बक्षीस मिळालं उठण्याचं! बाईंची नजर कुत्र्यांपेक्षा मालकांच्या हातांवरच जास्त होती.

ही पद्धत आली कुठून? १९४०च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी मॅरिअन आणि केलर ब्रेलँड या जोडप्याने प्रयोगशाळेतलं हे तत्त्व प्राण्यांच्या ट्रेनिंगच्या धंद्यात आणलं. पुढे १९६०च्या दशकात हवाईमध्ये कॅरन प्रायर डॉल्फिन शिकवू लागल्या. आता डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा कसा बांधणार? मारायला गेलात तर तो पाण्यात पोहत लांब जाणार! त्यामुळे शिट्टी आणि मासा एवढाच मार्ग उरला. तोच अनुभव त्यांनी १९८४मध्ये ‘डोन्ट शूट द डॉग’ या पुस्तकात मांडला. कुत्र्यांच्या दुनियेत डॉल्फिनच्या शिट्टीच्या जागी टिकटिक करणारा क्लिकर आला. आपल्याकडे मुंबईच्या शिरीन मर्चंट यांनी इंग्लंडमध्ये जॉन रॉजरसन यांच्याकडे धडे घेतले आणि ‘कॅनाइन्स कॅन केअर’ सुरू केलं. २०१८मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा ‘फर्स्ट लेडीज’ पुरस्काराने गौरव झाला.

तरी ‘घरातला बॉस कोण ते त्याला दाखवून द्या’ हा सल्ला आजही प्रत्येक कट्ट्यावर फुकट मिळतो. त्याचं मूळ आहे १९४७च्या एका अभ्यासात, तोही पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचा. लांडग्यांचे जाणकार डेव्हिड मीच यांनी ‘अल्फा’ हा शब्द १९७०च्या पुस्तकातून लोकप्रिय केला आणि १९९९मध्ये स्वतःच तो खोडून काढला. जंगलातला कळप म्हणजे कुटुंब, आणि तिथले म्होरके म्हणजे चक्क आई-बाबा!

२०२०मध्ये पोर्तुगालमधल्या सात ट्रेनिंग स्कूल्सच्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटके देऊन, दरडावून शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली, लाळेतलं ताणाचं हार्मोनही क्लासनंतर वाढलेलं आढळलं. खाऊ असेल की नसेल अशा जागी वाडगं ठेवलं, तर ते त्याच्याकडे हळू जायचे. चांगलं काही मिळेल, याची आशाच कमी!

याहून गंभीर गोष्ट गुरगुरण्याची. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याची ‘जरा लांब हो’ अशी सूचना. त्यासाठी त्याला फटका दिलात, तर त्याची भीती जात नाही, फक्त सूचना बंद होते. पुढच्या वेळी तो थेट चावतो. आणि समोर अनेकदा घरातलंच लहान मूल असतं.

आपल्याकडे ‘डॉग ट्रेनर’ची पाटी लावायला कुठलं सरकारी लायसन्स लागत नाही. त्यामुळे फी विचारण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?’ ‘सोपं करून पुन्हा सांगतो’ असं उत्तर आलं तर बसा. ‘दोन दिवस माझ्याकडे सोडा, सरळ करतो’ असं आलं तर कुत्र्याला घेऊन सरळ घरी या. प्राण्यांना विनाकारण वेदना होतील अशी मारहाण हा १९६०च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तोही गुन्हाच!

या आठवड्याचा होमवर्क

• रोज तीन ते पाच मिनिटांचे दोन क्लास. चहा उकळतोय तेवढ्यात एक उरकतो.

• उडी मारली की लक्ष देऊ नका. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच शाब्बासकी आणि खाऊ.

• खाऊचे तुकडे जेवणातून वजा करा, नाहीतर महिन्याभरात गोलमटोल! चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा मात्र अजिबात नाही.

• ऑफिसातून आल्यावर आधी त्याला पंधरा मिनिटं मनसोक्त वास घेत फिरू द्या. मोबाइल खिशात. दिवसभरातली त्याची ही एकच मीटिंग असते, आणि ती तुमच्याबरोबर असते.