नाव कुणाचं राखायचं

सर्वोच्च न्यायालयाने आणि मुंबई उच्च न्यायालयाने निवाड्यांना स्वतःचे क्रमांक द्यायला सुरुवात केल्यापासून माझी ज्युनिअर लेखी युक्तिवादात नुसते आकडे घालते. '२०२३:बीएचसी-एएस' आणि पुढे नंबर. अपिलीय शाखेचा निवाडा आहे एवढं त्यातून कळतं. भांडण कुणाचं, ते कळत नाही. पण उभं राहून 'केशवानंद' म्हटलं की न्यायमूर्तींना अख्खा मुद्दा आठवतो, '(१९७३) ४ एससीसी २२५' म्हटलं की ते पान शोधू लागतात.

म्हणून सुटसुटीत नाव हवंच, आणि माझं घोडं तिथेच अडतं. 'महाराष्ट्र राज्य' कामाचं नाही. निम्म्या कम्पायलेशनवर तेच असतं. 'महाराष्ट्र राज्य वि. मेयर हान्स जॉर्ज' (एआयआर १९६५ एससी ७२२) याचं 'मेयर हान्स जॉर्ज' होतं. इथवर सोपं. पण 'पुट्टस्वामी'? याचिकाकर्ते तेच, गाजलेले निवाडे दोन: खासगीपणाचा २०१७ चा, नऊ न्यायमूर्तींचा, आधारचा २०१८ चा, पाच जणांचा. नुसतं 'पुट्टस्वामी (सुप्रा)' लिहिणाऱ्याने निवाडा उघडला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. सॉफ्टवेअरमधून चार-चार समांतर सायटेशन्स डकवणाऱ्यांवरही नाही. टिपणावर सही नसली तरी ते माझं आहे हे समोरच्या वकिलाने नुसत्या लघुनावांवरून ओळखावं, ही माझी जुनी हौस. ओळखतात, तेव्हा दिवसभर बरं वाटतं.

सगळ्यात डाचतं ते 'एडीएम जबलपूर'. १९७६ चा निवाडा. आणीबाणीतल्या स्थानबद्धांना हेबियस कॉर्पससाठी उच्च न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही, असं चार विरुद्ध एक ठरलं. विरोधात एकटे न्या. खन्ना. शीर्षकातलं दुसरं नाव शिवकांत शुक्ल यांचं. तुरुंगात ते होते, आणि आपण जपलं ते अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी या पदाचं नाव! कारण एवढंच, की उच्च न्यायालयात सरकार हरलं, अपिलात आलं, म्हणून त्याचं नाव आधी छापलं गेलं. २०१७ च्या पुट्टस्वामीने तो निवाडा मोडीत काढला, तोही 'एडीएम जबलपूर' म्हणूनच.

नुसतं 'शिवकांत शुक्ल' लिहिलं तर कोर्ट विचारतं, हा कुठला निवाडा? म्हणून मी 'एडीएम जबलपूर (शिवकांत शुक्ल)' लिहितो. लघुनाव लांबतं, लांबू दे. पानांची मर्यादा असली तर मी माझी विशेषणं कापतो, तो कंस नाही.