उलटीची गोळी आणि रविवारचा प्रश्न

‘डॉक्टर, तीच उलटीची गोळी लिहून द्या. सकाळी फार मळमळतं.’

बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ तीन महिन्यांत तिसऱ्यांदा हेच सांगत आले होते. रक्त, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. आधी दोन्ही वेळा मी ऑन्डान्सेट्रॉन लिहून दिलं होतं. या वेळी विचारलं, ‘रविवारी मळमळतं का?’

ते थांबले. ‘नाही.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं: टार्गेटचं दडपण, पहाटे चारला येणारी जाग, छातीत धडधड. तो चिंतेचा आजार होता. हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता.

आता या गोळीबद्दल थोडं. शरीरातलं सुमारे ९० टक्के सिरोटोनिन मेंदूत नव्हे, आतड्यात असतं. पेशींवर त्याचे रिसेप्टर असतात, म्हणजे निरोप घेणारी ठिकाणं. त्यांचे चौदाएक प्रकार आहेत. ऑन्डान्सेट्रॉन त्यातला मुख्यतः एकच, ५-एचटी३, अडवतं. केमोथेरपीमुळे आतड्यातून सुटलेल्या सिरोटोनिनचा ‘उलटी कर’ हा निरोप मग मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये याच कामासाठी या औषधाला मान्यता मिळाली.

पण याच औषधाकडून चिंतेच्या आजारातही मोठी आशा होती. १९८०च्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाले. पेटीचा एक भाग अंधारा, दुसरा लख्ख उजेडाचा. उंदीर उजेडाला बिचकतो. डायझेपाम दिलं की तो उजेडात जास्त वेळ वावरतो. ऑन्डान्सेट्रॉन दिल्यावरही तसंच दिसलं, आणि तेही गुंगी न येता! माणसांवरच्या चाचण्यांत मात्र तसा खात्रीचा गुण दिसला नाही. चिंतेवरचं औषध म्हणून ते बाजारात आलंच नाही. पेटीत पाच मिनिटं बिचकणारा उंदीर आणि उद्याचा घोर महिनोन्‌महिने वाहणारा माणूस, यांत फरक आहेच.

म्हणून लक्षात ठेवा, ही गोळी मळमळ थांबवेल, पण चिंता जाणार नाही. उलट दुखणं झाकलं जाईल. शिवाय तिने डोकं दुखू शकतं, बद्धकोष्ठता होते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या एस्सिटॅलोप्रामसारख्या गोळ्यांनी सुरुवातीचे एक-दोन आठवडे मळमळू शकतं. तेव्हा घरातली ऑन्डान्सेट्रॉन परस्पर घेऊ नका. दोन्ही औषधांचा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो. हृदयविकार असेल किंवा जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम कमी झालं असेल, तर धोका वाढतो. आधी डॉक्टरांना विचारा. आणि गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, मध्येच सोडू नका.

त्या गृहस्थांना समुपदेशन आणि औषध, दोन्ही लागलं. आता ते सकाळी नाश्ता करून बँकेत जातात.

तुमचीही मळमळ हटत नसेल, तर मेडिकलमधून पुढची स्ट्रिप आणण्याआधी स्वतःला रविवारचा प्रश्न विचारा. पण वजन घटत असेल, उलटीत रक्त दिसलं, डोळे पिवळे झाले किंवा पाळी चुकली असेल, तर उत्तर काहीही असो, आधी तपासून घ्या. आणि डॉक्टरांनी रविवारबद्दल विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा.