पथ्याची जिरायत आणि बागायत

बारामती म्हटले की आम्हां मराठीच्या मास्तरांना आधी मोरोपंत आठवतात. आर्येचे नाव काढले की कऱ्हाकाठच्या या गावाचे नाव ओघाने येतेच. परंतु या मुलखाची खरी ओळख करून घ्यायची तर पोथी मिटून पाटाच्या कडेने चालायला हवे. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा इकडे आला आणि एका तालुक्याचे जणू दोन तालुके झाले. पाटाखाली ऊस आणि हिरवीगार बागायत. सुपे-मोरगावच्या अंगाला आभाळाकडे डोळे लावून बसलेली जिरायत. पुढे इंदापुरातही तीच कथा. सोयरीक जुळविताना इकडचा जाणता माणूस मुलाच्या शिक्षणाआधी विचारतो, "जमीन पाटाखाली आहे का?"

हा प्रश्न दवाखान्यात मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या एका सहकारी प्राध्यापकांबरोबर हृदयरोगाच्या एका डॉक्टरांकडे तासभर बसण्याचा योग आला. डॉक्टर भले गृहस्थ. येणाऱ्या प्रत्येकाला ते एक छापील कागद देत. मीठ-तेल कमी, फळे-भाजी भरपूर, रोज अर्धा तास चालणे, तंबाखू बंद, चिंता वर्ज्य. सल्ला सोळा आणे खरा! पण बाकावर बसलेल्यांच्या हाती पडताच त्या एका कागदाचे तीन कागद झाले.

पहिले होते एक बागाईतदार. महिन्यामागे छातीत कळ आली, तेव्हापासून नवे बूट आले, सुनेने स्वयंपाकातले तेल मोजायला घेतले आणि गव्हाच्या पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी आली. हसत म्हणाले, "सर, तालमीत होतो तवासुदिक एवढं पथ्य पाळलं नव्हतं!" ज्या भाकरीला गरिबाची म्हणून नाक मुरडले, तीच आता औषध होऊन ताटात मानाने बसली होती.

दुसरा एमआयडीसीतला कामगार. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा रात्रपाळी. तो म्हणाला, "चाला म्हणतात, पण केव्हा? आठवडा बदलला की माझी सकाळच बदलते."

तिसरी इंदापूरकडची एक मजूर बाई. तिने कागद माझ्यापुढे धरला. "वाचा की दादा." मी वाचले, 'रोज ताजी फळे खावीत.' ती हसली. "डाळिंबाच्या बागंतच जाते की रोजानं. फळ पाटीत टाकायचं असतंय, तोंडात न्हाई."

वाचकहो, या उत्तरावर कोणता वैद्य काय औषध देईल?

ही काही बारामती-इंदापूरचीच तऱ्हा नव्हे. १७ देशांत चाललेल्या 'प्युअर' नावाच्या मोठ्या अभ्यासात, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या साडेसात हजार लोकांची हकीकत २०१३ साली प्रसिद्ध झाली. धूम्रपान टाळणे, नीट आहार आणि पुरेशी हालचाल ही तिन्ही पथ्ये पाळणारे शंभरात जेमतेम चार निघाले. धूम्रपान सोडणे आणि आहार सुधारणे, या दोन्हींत गरीब देश सर्वांत मागे होते. त्याच अभ्यासातून २०१६ साली दिसले की गरीब देशांत माणशी दिवसाला दोन वेळची फळे आणि तीन वेळची भाजी घ्यायची, तर घरातल्या माणशी उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग त्यातच जातो. म्हणजे पथ्य मोडणारा नेहमीच जिभेचा गुलाम असतो असे नाही. पुष्कळदा तो बाजारभावाचा गुलाम असतो.

बारामतीहून काटेवाडी, भवानीनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी असे करीत इंदापूरला निघावे. दिवाळी सरली की या वाटेवरच्या उसात बीडकडच्या तोडणी कामगारांच्या टोळ्या उतरतात, फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. उजाडण्यापूर्वी कोयता चालू होतो तो ऊस गाडीत भरेपर्यंत. या माणसाला 'चाला' म्हणून सांगायचे? त्याच्या कष्टाला व्यायाम म्हणावे तर त्यात विसाव्याला जागा नाही. तंबाखूची चिमूट त्याला चैन नसते. तिने भूक मरते आणि झोप उडते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण कालवण नसले की भाकरीचा घास मीठ-मिरचीच्या जोरावरच खाली उतरतो.

बायकांची गोष्ट आणखी निराळी. खेड्यात बाईमाणूस संध्याकाळी नुसतेच चालू लागले तर चार तोंडे विचारतात, "कुठं निघालीस गं?" व्यायामाला, हे उत्तर अजून आमच्या गावकुसात शोभत नाही. म्हणून एखादी शहाणी हातात हळदीकुंकवाची कोयरी घेते आणि लांबच्या देवळाची वाट धरते. तिथे पथ्य पैशाने अडत नाही, रीतीने अडते.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ साली बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्चही भागतो. पण शस्त्रक्रियेनंतरची भाजी, विश्रांती आणि बुडालेला रोज कोणत्याच योजनेत बसत नाही.

मग गरिबाला पथ्य सांगूच नये काय? सांगावे, पण कपडा अंगावर बेतावा तसे बेतून सांगावे. जिथे फळांची ऐपत नाही तिथे आधी तंबाखू आणि मिसरी सुटावी. उपदेशाच्या साऱ्या यादीत खिशात पैसा परत टाकणारी ती एकच ओळ आहे. मीठ कमी करायलाही दमडी लागत नाही, मात्र ते रोग्याच्या ताटात नव्हे तर घराच्या पातेल्यात कमी व्हावे, आणि म्हणून कागद रांधणारीच्या कानावर गेला पाहिजे. रक्तदाबाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळाली पाहिजे. आणि कागद देण्यापूर्वी डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारावेत: काल काय खाल्ले? आणि दिवसातली कोणती घटका तुमची स्वतःची असते?

आषाढवारीत याच वाटेने तुकोबांची पालखी जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला अश्व धावतात. तेव्हा बागाईतदार आणि जिरायतदार, सासू आणि सून एका ओळीत चालतात. 'कुठं निघालीस' असे कोणी विचारीत नाही आणि भाकरीला वाटेत कोणी मोल सांगत नाही. पालखी पुढे सरकते, आणि दुसऱ्या दिवशी पाटाखालचे पाटाखाली, वरचे वर. ते चार दिवस वर्षाचे करता आले, तर डॉक्टरांचा कागद एकच असला तरी चालेल.