पहिला वॅट

जालन्यात ॲम्प्लिफायर घ्यायचा म्हटलं की शेजारी असो, दुकानदार असो की पाहुणा, पहिला प्रश्न एकच : किती वॅटचा? सळईच्या कारखान्यांचं, मोंढ्यातल्या सौद्यांचं, लांबलचक वरातींचं हे गाव. इथे आवाज आधी लांब पोचला पाहिजे, गोडव्याचं मागून बघू. गणपतीत गल्लीच्या मंडळाकडे जे मशीन असायचं ते कुठल्या कंपनीचं नसे, रेडिओ दुरुस्तीच्या टपरीत जुळवलेलं असे. पत्र्याचा डबा, आत बारा-शून्य-बाराचा ट्रान्सफॉर्मर आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीला स्क्रूने आवळलेली ४४४० नंबरची आयसी. सान्यो या जपानी कंपनीची ही चिप. स्टिरिओत जोडली तर दर बाजूला ६ वॅट, दोन्ही बाजू एकत्र केल्या तर १९. डब्यावर मात्र ‘पीएमपीओ’च्या नावाखाली हजाराचा आकडा चिकटवलेला असे. तो आकडा फुगवलेला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी सगळ्यांना तो आवडायचा. त्या सहा-सहा वॅटवर आमच्या पिढीने लता ऐकली, किशोर ऐकला, प्रल्हाद शिंदे ऐकले आणि कुणाचं काही अडलं नाही.

आता मला गल्लीला ऐकवायचं नव्हतं. रात्री जेवणं उरकल्यावर, दार लोटून, एका खोलीत बसून ऐकायचं होतं. आमचं घर जुन्या जालन्यातलं, माळवदाचं. वर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दीड हात रुंद, त्यांत देवळ्या, कोनाडे, कपड्यांच्या खुंट्या. उन्हाळ्यात ही खोली गार राहते एवढंच तिचं कौतुक आजवर होत आलं. स्पीकर कुठे ठेवायचे ते ठरवताना मी मधोमध उभा राहून टाळी वाजवली. स्लॅबच्या खोलीत टाळी भिंतीभिंतींवर टणटणत फिरते. इथे ती वाजली आणि संपली. मातीने तिच्यातलं बरंच पिऊन टाकलं, उरलेली तुळयांच्या उंचसखल ओळींवर विखुरली. फक्त खालची शहाबादी फरशी तेवढी कडक बोलत होती. तिच्यावर जाड सतरंजी पसरली की झालं. मोठमोठ्या स्टुडिओंत लाकडाच्या पट्ट्या आणि मऊ फलक बसवून जे साधतात, त्यातलं निम्मं गवंड्याने आधीच करून ठेवलं होतं.

अशा खोलीला वॅट किती लागतात? हिशेब मोठा गमतीचा आहे. साधारण स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर ८६ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. दोन स्पीकर, आपण तीन मीटर लांब, असं धरलं तरी कानाशी ऐंशीच्या जवळपास उरतात. दोन माणसांचं साधं बोलणं साठीच्या घरात असतं. रात्री ख्याल त्याच्या जराच वर ऐकावासा वाटतो, म्हणजे तिथे एका वॅटचा पंचविसावा-तिसावा भागच काय तो खर्च होतो. तबल्याची एखादी थाप अचानक उसळते, तिला जागा हवी म्हणून चार-पाच वॅट गाठीला असावेत. ताकद दुप्पट केली की वाढतात फक्त ३ डेसिबल. तीसचा साठ वॅट केला तर कानाला जेमतेम जाणवतं. शंभराव्या वॅटची जाहिरात होते, आपण राहतो पहिल्या वॅटमध्ये. तिथेच यंत्र स्वच्छ असलं पाहिजे.

हे ओळखणारी माणसं या धंद्यातही होऊन गेली. १९७८ मध्ये नॅड कंपनीने ३०२० नावाचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर काढला. प्री आणि पॉवर एकाच डब्यात, रंग मातकट राखाडी, कागदावर ताकद फक्त २० वॅट. ब्यॉर्न एरिक एडवर्डसन या नॉर्वेच्या अभियंत्याने तो रचला होता. दिसायला अगदीच गरीब; पण अवघड स्पीकर जोडला तरी त्याला दम लागत नसे, आणि महागड्या यंत्रांच्या मालकांनी तो ऐकून भुवया उंचावल्या. स्वस्तातही चांगलं ऐकता येतं हा भरवसा जगभरच्या मध्यमवर्गाला त्या डब्याने दिला.

माझ्या पैशांत आज बसणारी नावंही तशी मोजकीच : डेनॉनचा पीएमए-६००एनई आणि मरांट्झचा पीएम६००७, दोन्ही ४५ वॅटचे, यामाहाचा ए-एस३०१, ६० वॅटचा. तळहाताएवढे क्लास-डी डबेही मिळतात, खिशाला हलके आणि कामाला अजिबात वाईट नाहीत. संभाजीनगरला जाऊन मी ऐकून आलो. सोबत माझीच सीडी नेली होती, कारण दुकानदाराच्या सीडीवर सगळीच यंत्रं छान वाजतात. मी आवाजाचं बटण अगदी तळाशी, घड्याळातल्या आठच्या जरा पुढे ठेवायला सांगितलं. विकणारा पोरगा म्हणाला, “काका, एवढ्यात काय कळणार?” तिथेच तर कळतं. हलक्या बटणात तळाशी डावी-उजवी बाजू सारखी उघडत नाही. एक स्पीकर आधी जागा होतो आणि मधोमध बसलेला गायक एका बाजूला सरकतो. तंबोऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या लागतात की नुसता धूर होतो, खर्ज सुटल्यावर त्याची आस किती वेळ मागे राहते, हे सगळं त्या बोटभर फिरकीत ठरतं. चांगला ॲम्प्लिफायर साथीच्या पेटीवाल्यासारखा असावा : गवयाच्या अर्धं पाऊल मागे, आपली हरकत मध्ये न घुसवणारा.

हळू ऐकण्याची एक अडचण कानाचीच आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये ती मोजून दाखवली. आवाज कमी केला की मधले सूर शाबूत राहतात, खालचे मात्र आपल्याला फार लवकर ऐकू येईनासे होतात. म्हणून रात्री तबल्याची चाट कळते आणि डग्गा नाहीसा होतो. यामाहाच्या यंत्रावर यासाठी लाउडनेसचं वेगळं बटण आहे. ते फिरवत नेलं की मधले सूर थोडे खाली उतरतात आणि तळ पुन्हा सापडतो. शुद्धतावादी मंडळी असल्या बटणांना नाकं मुरडतात. पण त्यांची खोली आणि त्यांची रात्र त्यांच्यापाशी. डग्ग्याची मींड परत आली आणि मी यामाहा घेतला.

घरी आणल्यावर खरी परीक्षा विजेची. वीज जाऊन घर इन्व्हर्टरवर गेलं की जुन्या पद्धतीच्या चौकोनी लहरीने ट्रान्सफॉर्मर कुरकुरतो. तेवढा वेळ गाणं बंद. जुन्या घरांत तिसऱ्या पिनला बहुधा नुसतं भोक असतं, मागे तार नसते, आणि मग स्पीकरमध्ये एक बारीक गुणगुण कायमची मुक्कामाला येते. वायरमनला बोलावून अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला; कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी. पन्नास हजारांच्या यंत्रातल्या शांततेची निम्मी मालकी त्या खड्ड्याकडे आहे. गल्लीतला रेडिओच्या टपरीतला जुना कारागीर येऊन सगळं निरखून गेला. “साठ वॅटात वरात नाही निघायची, काका,” असा निकाल देऊन, सतरंजीवर मांडी घालून तासभर ऐकत बसला.

उरलेल्या पैशांत मी दुसरी केबल घेतली नाही. दत्तजयंतीला अंबडला संगीत महोत्सव भरतो आणि इथून एसटी थेट जाते. मार्गशीर्षाच्या थंडीत शाल गुंडाळून, गवयासमोर बसून ऐकलेला तंबोरा कानात ताजा असला की वर्षभर डब्यावरच्या कुठल्याही आकड्याला भुलायचं कारण उरत नाही.