काचेतला समुद्र

माझ्या दिवाणखान्यात एक लहानसा समुद्र आहे. काचेची एक पेटी, तीत लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले पाणी आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारी विदूषक माशांची जोडी. या माशांचे मूळ घर पाहण्यासाठी यंदाच्या हिवाळ्यात मी अंदमानास जाणार आहे.

तेथे समुद्रपुष्पाच्या दंश करणाऱ्या तंतूंत हा मासा निर्धास्त वावरतो. अंगावरील बुळबुळीत आवरण त्याचे रक्षण करते. माझ्याकडे बिचारा दगडाच्या कपारीवरच समाधान मानतो! वंडूर येथे १९८३ साली स्थापन झालेले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातील जॉली बॉय व रेड स्किन ही बेटे प्रवाशांसाठी आलटून पालटून खुली ठेवतात. प्रवाळांना तेवढीच विश्रांती. तळाला काच बसविलेल्या होडीतून ते पाहता येतात. म्हणजे काच तेथेही आहेच. पेटीत बसण्याची पाळी मात्र माझी.

"एखादे प्रवाळ आणा," असा मित्रांचा आग्रह आहे. कायद्याने ते निषिद्ध आहे. नसते तरी मी आणले नसते.

खरी चिंता मागे राहणाऱ्या पेटीची. पाण्याची वाफ होते, पण क्षार मागेच राहतात व पाणी अधिकाधिक खारट होते. ते माशांच्या जिवावर बेतते. म्हणून ती तूट गोड्या पाण्यानेच भरावी लागते. शेजारची सातवीतील मुलगी हे काम करणार आहे. मी पेटीवर खुणेची रेघ ओढून दिली, तेव्हा तिने विचारले, "काका, मग खऱ्या समुद्रात गोडे पाणी कोण घालतो?"

बाहेर श्रावणसर कोसळत होती. मी खिडकीकडे बोट दाखविले.